अक्कांची तीट

दिल्लीच्या साहेबांच्या आधी मकदूमचा टेम्पो येऊन दारात उभा राहिला, हे काही बरं झालं नाही. साहेबांना अकराची वेळ दिली होती आणि मकदूमला चारची. पण भंगाराच्या धंद्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला वेळेआधी पोचायची खोडच असते. तो टेम्पोतून उतरला, अक्कलकोट रोडवरच्या त्या पत्र्याच्या शेडकडे बघून उगाच एकदा छातीला हात लावला आणि दारातल्या बाकावर बसला.

"चारला ये म्हनलं होतं की तुला," शेडचे मालक शिवलिंगप्पा म्हणाले.

"हौ अप्पा. उठातौं चार बजेच. अब्बी खाली बैठतौं," मकदूम म्हणाला आणि मग मराठीवर आला. "हे माग माझ्या अब्बांनी उतरवून दिले होते तुमाला, गाडीतनं. जाताना घाई नको म्हटलं."

यावर अप्पांना धड रागावताही येईना. आत बारा माग होते आणि त्यातले आठ आजही चालू होते. टॉवेल विणले जात होते, फक्त ते घेणाऱ्या बाहेरच्या देशातल्या गिऱ्हाइकांना आता तपासणी मशीनचा शिक्का लागत होता आणि तसलं मशीन चीनवरून येत होतं. ते आणणं या घराच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून पाडव्याच्या दिवशी घरात बैठक बसली आणि असं ठरलं की, अप्पांची पुतणी अपेक्षा हिने आठ महिने खपून बनवलेलं मशीन दिल्लीच्या सरकारी परीक्षेत पास झालं तर माग राहतील आणि तसली मशीनं याच शेडमध्ये बनतील. नापास झालं तर माग मकदूमला, शेड गोदामाला आणि अपेक्षा बंगळूरच्या नोकरीवर. अप्पांनी चालत्या मागावर हात ठेवून तसा शब्द दिला होता. आता त्यांना त्या हाताचा राग येत होता.

त्यात त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती, ती कुणालाच ठाऊक नव्हती. परवा पेंटरकडून त्यांनी पत्र्याची एक पाटी रंगवून आणली होती, 'शेड भाड्याने देणे आहे'. ती ताण्याचं सूत गुंडाळायच्या जुन्या रुळामागे तोंड भिंतीकडे करून उभी होती. वेळ आलीच तर घरातल्या कुणाला ती अक्षरं रंगवायला लागू नयेत, एवढाच त्यांचा हेतू होता. पण पाटी आणल्यापासून त्यांना जेवण जात नव्हतं.

शेडमागच्या घरात महादेवी शेंगापोळ्या लाटत होती. ती अप्पांच्या धाकट्या भावाची बायको. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून लेक अपेक्षा एवढं एकच माणूस तिचं होतं. अमरेश, म्हणजे अप्पांचा मुलगा, ओट्याला टेकून शेंगाचटणीचा बुकणा मारत उभा होता.

"काकू, तुमी आपल्या बाजूला हाव की न्हाय?"

"तुज्या बाजूला मी कदी होते रे?"

"गोदाम झालं तर अपेक्षा बंगळूरला. तुमालाच पायजे होतं की ते."

महादेवीने लाटणं थांबवलं. ते खोटं नव्हतं. पाडव्याच्या बैठकीत तिने अमरेशच्या बाजूने मान हलवली होती. पोरीने या खडखडाटात म्हातारं होऊ नये, काचेच्या खिडकीच्या ऑफिसात बसावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

"पायजे होतं आनि पायजे हाय," ती म्हणाली. "पर पोरगी आठ म्हैने झोपली न्हाय नीट. तिनं पडावं असं माज्या तोंडातनं वदवून घेऊ नको."

"मी पन तसं कुटं म्हनतोय? मी म्हनतो, देश चीनबरोबर शर्यत लावनार, आनि ती आपल्या शेडातनं? मागाची मोटर, सायकलच्या दुकानातली चेन आनि लोखंडी टेबलावर एक कॅमेरा. दिल्लीवाला हसंल."

"हसला तर हसला. दात दिसतील त्याचे," महादेवी म्हणाली. "आनि ती चटणी ठेव खाली. पावन्यांना काय, वास देऊ?"

अमरेशने वाटी ठेवली. आपलं मत घरात कुणी विचारात घेत नाही अशी त्याची जुनी तक्रार होती आणि तो ती वाटीवाटीने खात आला होता.

साहेब आले ते एकटेच, हातात एक सीलबंद खोका घेऊन. वय चाळिशीचं, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. अप्पांनी पंधरा दिवस घोकलेलं हिंदी भाषण सुरू केलं. "आपका हमारे कारखाने में स्वागत होता है. हमारे पिताजी दुधनी से आए और उन्होंने पहले चार माग खडे किए..." साहेब मान हलवत ऐकत राहिले. भाषण पाव तास चाललं. मधे दोनदा अप्पा 'आणि' म्हणाले आणि दोनदा 'और' म्हणून त्यांनी चूक सुधारली.

अपेक्षा मशीनपाशी उभी होती. मशीन दिसायला अमरेशदादा म्हणतो तसंच होतं. लोखंडी टेबल, वर आडव्या दांडीला कॅमेरा, बाजूला हिरवा आणि लाल दिवा. टॉवेल खालून सरकला की चांगल्याला हिरवा, दोष असेल तर लाल दिवा आणि वर भोंगा. बुद्धी अपेक्षाची, शिकवणी मात्र अक्कांची. अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण शिवबाई. विधवा होऊन माहेरी आल्यापासून, गेली सत्तेचाळीस वर्षं, शेडमधून निघणारा प्रत्येक नग त्यांच्या हाताखालून जात होता. चांगला उजवीकडे, दोषाचा डावीकडे. रोज संध्याकाळी अपेक्षा दोन्ही ढिगांतल्या एकेका नगाचा फोटो काढी आणि मशीनला सांगे, हे चांगले, हे वाईट. असे साडेचार हजार फोटो झाले होते. घरच्या मालावर मशीन शंभरात एकदासुद्धा चुकत नव्हतं.

साहेबांनी खोका फोडला. त्यांचं नाव पांढरे, असं त्यांच्या गळ्यातल्या इंग्रजी ओळखपत्रावर होतं, पण ते या घाईत कुणी वाचलं नव्हतं. "बीस टॉवेल हैं, अलग अलग शहरों के. कुछ अच्छे, कुछ खराब. जवाब इस चिठ्ठी में बंद है. बीस में सत्रह सही आने चाहिए."

पहिला टॉवेल सरकला. लाल दिवा, भोंगा.

दुसरा. लाल. तिसरा लाल. चौथ्याला अप्पांनी हात जोडले, तरी लाल. सातव्यानंतर मागवाल्यांनी आपापले माग बंद केले, कारण भोंग्यापुढे त्यांना काही ऐकू येईना. विसावा टॉवेल सरकला आणि भोंगा विसाव्यांदा वाजला.

पांढरे साहेबांनी चिठ्ठी उघडली. बारा चांगले होते, आठ दोषाचे. मशीनने वीसच्या वीस नापास केले होते.

"इसको कोई पसंद ही नहीं आता," ते हळूच म्हणाले. त्यांना हसायचं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि अपेक्षाला त्याचंच जास्त लागलं.

"वायर सैल असेल," अप्पा म्हणाले.

"वायर न्हाय, दोड्डप्पा." थोरल्या काकांना अपेक्षा कानडीत दोड्डप्पाच म्हणे. "घरी चालतंय. सगळं बरोबर चालतंय. मला कळत नाही."

बाहेर मकदूम बाकावरून उठला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत बसला.

पुढची दहा मिनिटं घरातला प्रत्येक जण एकाच वेळी बोलत होता. अमरेश म्हणाला, मी आधीच सांगितलं होतं. अप्पा म्हणाले, तू आधीच सगळं सांगत असतोस, करत काय असतोस ते सांग. महादेवी ओट्यावरून तशीच आली, पिठाच्या हातांनी, आणि लेकीच्या शेजारी उभी राहिली. पांढरे साहेब घड्याळ बघत होते, कारण त्यांना संध्याकाळी पुण्यातून विमान होतं.

या गडबडीत अक्का एकट्या खाली चटईवर बसल्या होत्या. भांडण त्यांना ऐकू येत होतं, पण सत्तेचाळीस वर्षांत या शेडमध्ये कापड समोर आलं आणि त्यांनी ते तपासलं नाही, असं झालं नव्हतं. त्यांनी पाहुण्यांचे टॉवेल ओढून घेतले, एकेक पसरला, उलटा केला, बाजूला ठेवला. नंतर कनवटीला खोचलेली सुईदोऱ्याची डबी काढून सुईत दोरा ओवला.

साहेबांचं लक्ष गेलं तेव्हा अक्का एका टॉवेलच्या कोपऱ्यात काळ्या दोऱ्याचा टाका घालून दाताने दोरा तोडत होत्या.

"अहो आजी! सॅम्पल आहेत ती! काय करताय?"

शेडमधले सगळे एकदम साहेबांकडे वळले. टाक्यामुळे नव्हे.

"तुमी मराठी?" अप्पांनी विचारलं.

"नातेपुत्याचा आहे मी," पांढरे ओशाळून म्हणाले.

"मग आमच्या हिंदीचे एवढे हाल का होऊ दिले?"

"तुम्ही इतकी तयारी केली होती, अप्पा. मधेच तोडवेना."

मकदूम बाहेर खो खो हसला. अप्पांनी कपाळावर हात मारला आणि त्यांनाही हसू फुटलं. एवढ्या नामुष्कीत ते हसले याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

"आजी, पण हा टाका कशाला?"

"तीट हाय ती," अक्का म्हणाल्या. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. लहान मुलाच्या गालावर काजळाचं बोट का लावलं असं कुणी विचारतं का? "चांगला नग दारातनं भायेर जातोय. कुनाची नजर लागंल. आमच्या आईनं, अव्वानं, पैल्या टॉवेलाला लावली, तवापासनं मी लावतेय. तुमचा माल असला म्हनून काय झालं, आमच्या घरातनं जातोय की."

"आणि खराब मालाला?"

"कुरूपाला कोन नजर लावतंय?" अक्का म्हणाल्या. "त्याला न्हाय लावत."

अकरा टॉवेलांना तीट लागली होती. अमरेश तो ढीग उचलून खोक्यात भरायला निघाला, म्हणजे आवराआवर होईल आणि हा विषय एकदाचा संपेल. ढीग जड होता म्हणून त्याने तो जरा वेळ मशीनच्या टेबलावर टेकवला. मशीन बंद करायचं कुणाच्या लक्षातच नव्हतं.

हिरवा दिवा लागला.

अमरेशने वरचा टॉवेल उचलला. खालच्यालाही हिरवा. त्याच्या खालच्यालाही.

"ए अपेक्षा," तो म्हणाला, "हे बघ तुजं मशीन. आता सगळ्यांनाच पास करतंय. याला डोकं हाय का न्हाय?"

अपेक्षाने पाहिलं. अकराच्या अकरा हिरवे. तिने बिनतिटेचा एक टॉवेल घेऊन टाकला, तो लाल. मग तिने खिशातला रुमाल काढला. जुना, विरलेला, मधोमध बोट जाईल एवढं भोक पडलेला. शाळेत असताना अक्कांनी तो तिला दिला होता आणि त्याच्या कोपऱ्यात काळा टाका होता. तिने तो कॅमेऱ्याखाली धरला.

हिरवा.

ती मटकन चटईवर बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "दोड्डप्पा, ते कापड बघतच नव्हतं! उजव्या ढिगातल्या प्रत्येक नगाला तीट होती, डाव्या ढिगातल्या एकालाही नव्हती. साडेचार हजार फोटोंत त्याला एवढंच दिसलं. काळा टाका असला की चांगलं, नसला की वाईट. अक्कांचा डोळा ते शिकलंच नाही. अक्कांचा आशीर्वाद तेवढा शिकलं!"

"आनि तुला इतके दिस दिसला न्हाय टाका?" अमरेश म्हणाला.

"तुला दिसला? जन्मल्यापासून बघतोय आपण. घरातल्या कापडाला तीट असतेच. कोण बघतं तिच्याकडे?"

अमरेशने नकळत आपल्या खांद्यावरचा टॉवेल चाचपला. कोपऱ्यात टाका होता.

अक्कांचा चेहरा मात्र उतरला. "म्हंजे माज्यामुळं नापास झालं ते?"

"तुमच्यामुळं नाही, अक्का. माझ्यामुळं. तुम्ही मला सांगितलं असतंत तर..."

"इचारलं असतंस तर सांगितलं असतं की," अक्का म्हणाल्या.

महादेवी लेकीकडे बघत होती. पोरगी हरलेली होती आणि तिचा चेहरा तर असा खुलला होता, जणू जत्रेत हरवलेलं काही सापडलं आहे. तिचा नवरा असाच हसायचा, मागात कुठे काय अडलं ते सापडलं की, तेलाच्या हातांनी, जमिनीवर बसून. काचेच्या खिडकीमागे ही अशी हसेल का, असं महादेवीच्या मनात आलं आणि त्याचं उत्तर तिला ताबडतोब मिळालं.

"किती वेळ लागंल?" तिने विचारलं.

"कशाला?"

"त्याला तीट विसरायला."

अपेक्षाने डोळे पुसले. "सगळ्या फोटोंचे कोपरे झाकायचे आणि पुन्हा शिकवायचं. माझ्या कॉम्प्युटरवर उद्या सकाळ होईल. ताकदीचा कॉम्प्युटर मिळाला तर दीड-दोन तास."

"मला अडीचला निघावं लागेल," पांढरे म्हणाले.

महादेवीने पदर खोचला. "साहेब, नातेपुत्याचं मानूस आमच्या दारातनं उपाशी जानार? बसा. पोळ्या व्हायच्या हैत अजून."

अमरेशकडे एक कॉम्प्युटर होता. तो त्याने 'हिशेबाला' म्हणून घेतला होता, पण हिशेबाच्या कॉम्प्युटरमधून निळे-जांभळे दिवे का लुकलुकतात आणि हिशेब करताना अमरेश 'मार, मार' असं का ओरडतो, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. आता सगळ्यांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं.

"हा भरलेला हाय," अमरेश म्हणाला. "जागा न्हाय त्यात."

"कशानं भरलाय?" अप्पांनी विचारलं.

"...हिशेबानं."

"दादा, खेळ काढावा लागेल," अपेक्षा हळूच म्हणाली. "मग जागा होते."

त्या खेळात दोन वर्षं घालवून अमरेश एका किल्ल्याचा राजा झाला होता, आणि त्याचं मत जिथे विचारात घेतलं जाई, अशी ती जगातली एकमेव जागा होती. गोदाम व्हावं असं त्याला अजूनही वाटत होतं. पण अपेक्षाला त्याने सायकल शिकवली होती, आणि आज सकाळी वीस वेळा भोंगा वाजताना प्रत्येक वेळी त्यानेही मनातल्या मनात 'हिरवा, हिरवा' म्हटलं होतं.

"काढ," तो म्हणाला. "पर मी बगनार न्हाय."

तो खरोखर पाठ करून उभा राहिला.

जेवण दीड तास चाललं. एरवी महादेवीचा हात इतका चपळ की पाहुण्याला नको म्हणायला सवड मिळत नसे. आज ती एक पोळी आणी, परत जाई, तुपाची वाटी विसरे, ती आणायला जाई, मग दूध राहिलेलं आठवे. पांढरे साहेबांना दुसऱ्या पोळीला सगळं कळलं आणि त्यांनी सावकाश चावायला सुरुवात केली. मकदूमलाही आत बोलावलं होतं. तोही सावकाश खात होता, पण त्याला दुसऱ्यांदा वाढलं गेलं म्हणून.

"मला एक सांगा," अप्पा म्हणाले. "दिल्लीत एवढी मोठी मानसं बसलेली. हुशार मशीनं, देशाची ताकद, रोज बातम्या. त्यात आमच्या टॉवेलाचं काय काम?"

पांढरे पाणी प्यायले. "बाहेरून मशीन आणलं ना अप्पा, तर ते त्यांच्या कापडावर शिकून आलेलं असतं. मागं एका ठिकाणी तसलं मशीन बसवलं, त्यानं चादरीवरची नक्षीच दोष म्हणून काढली. दुरुस्तीला त्यांचा माणूस, शिकवायला त्यांचा माणूस. आपण नुसती कळ दाबायची. म्हणून आम्ही म्हणतो, यंत्र इथं बनू दे आणि शिकू दे पण इथंच. फायलीत हे फार छान दिसतं." ते थांबले. "पण फायलीत तीट नव्हती. आता मी लिहिणार आहे. प्रत्येक गावच्या कामात अशी एखादी तीट असणार, जी तिथल्या माणसांना दिसत नाही. मशीनला शिकवायच्या आधी ती शोधा."

"म्हंजे अक्काचं नाव दिल्लीच्या फायलीत?" मकदूमने विचारलं.

"जाणार."

"नाव नगं," अक्का दारातून म्हणाल्या. "नजर लागती."

अडीच वाजून गेले. पांढरेंनी ड्रायव्हरला फोन करून गाडी झाडाखाली लावायला सांगितली आणि विमानाचं उद्या बघू म्हणाले. पावणेतीनला अपेक्षाने शेडमधून हाक मारली.

अक्कांनी अकरा टॉवेलांच्या तिटा कात्रीने काढल्या. प्रत्येक काढताना त्या तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होत्या, बहुधा टॉवेलांची माफी मागत असाव्यात. खोका पुन्हा भरला, पुन्हा उघडला. या वेळी भाषण नव्हतं.

पहिला टॉवेल. हिरवा. अप्पांनी डोळे मिटले होते, ते उघडले.

दुसरा लाल, तिसरा हिरवा. पांढरे चिठ्ठीवर पेन्सिलने खुणा करत होते आणि चेहरा दगडासारखा ठेवायचा प्रयत्न करत होते. महादेवी बोटं मोडत होती. अमरेश आकडे मोठ्याने म्हणत होता, "बारा... तेरा... चौदा..." चौदाव्याला लाल लागला. शेवटचा गेला आणि सगळे साहेबांकडे बघायला लागले.

पांढरेंनी दोनदा मोजलं. "दोन खराब टॉवेल सोडले त्यानं. एकावर तेलाचा पुसट डाग होता आणि एकावर दोऱ्याचे लूप कमी होते. आणि दोन चांगल्यांना लाल दिला." ते जमिनीकडे बघून म्हणाले, "सोळा."

सतरा हवे होते.

अप्पांना रुळामागची पाटी आठवली. शब्द दिलेला हात त्यांनी खिशात घातला. बाकावरून मकदूम उठला, आणि या वेळी तो परत बसला नाही.

"एक मिनिट," अपेक्षा म्हणाली. ती जमिनीवर पडलेल्या कापलेल्या काळ्या दोऱ्यांकडे बघत होती. "साहेब, चांगले किती म्हणालात?"

"बारा."

"अक्कांनी तिटा अकराच लावल्या होत्या."

सगळे अक्कांकडे वळले. अक्का शांतपणे म्हणाल्या, "मग? अकराच चांगले हुते की."

"बारावा कुठला, अक्का? कुठला सोडला तुम्ही?"

अक्कांनी ढिगात हात घातला, त्यांना शोधावं लागलंच नाही. त्यांनी पिवळ्या काठाचा टॉवेल ओढून काढला. त्याला टाचलेल्या साहेबांच्या कागदी बिल्ल्यावर चौदा आकडा होता, आणि चौदाव्याला मशीनने लाल दिला होता.

"याचा एक ताणा सुटलाय," त्या म्हणाल्या. "काठापाशी. वर लूप हैत म्हनून झाकलंय. दोन धुन्यांत फाटंल हितनं."

पांढरेंनी पिशवीतून दोरे मोजायचं छोटं भिंग काढलं आणि टॉवेलवर वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. अमरेश त्यांच्या खांद्यावरून वाकला, मग अप्पा, मग मकदूम, ज्याचा कापडाशी काहीही संबंध नव्हता. काठापासून दोन बोटांवर, लूपांच्या मुळाशी, वीतभर लांब एक दोरा जागेवर नव्हता.

"ही चिठ्ठी मी लिहिली होती," पांढरे सरळ होत म्हणाले. "माझ्या हातानं तपासून. चूक माझी आहे." त्यांनी सोळा खोडलं आणि सतरा लिहिलं. "मशीनला दिसलं ते मला दिसलं नाही. पास. पुढचा निर्णय दिल्लीचा, पण माझ्या अहवालात पास."

अपेक्षाने अक्कांना मिठी मारली. "अक्का, त्याला दिसला तो दोरा! तुम्हाला दिसतो तसा दिसला!"

"दिसनारच की," अक्का म्हणाल्या. "शिकवलंय कुनी?" आणि मग त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी चौदा नंबरच्या टॉवेलला पुसले.

अमरेश ओरडला, "मार, मार!" आणि मग आपण कुठे आहोत हे लक्षात येऊन गप्प बसला. मागवाल्यांनी न सांगता माग सुरू केले. महादेवीला काहीतरी बोलायचं होतं, पण त्या खडखडाटात ते ऐकू गेलं नसतं. तिने अपेक्षाच्या गालावरचं ग्रीस अंगठ्याने पुसायला सुरुवात केली, ते आणखी पसरलं आणि तिने ते तसंच राहू दिलं.

बरोबर चार वाजले होते. मकदूम दारात घुटमळत होता. "अप्पा, तो मैं निकलतौं?"

"रिकामा जाऊ नगंस," अप्पा म्हणाले.

ते रुळामागे गेले आणि पाटी घेऊन आले. घरातल्यांनी ती पहिल्यांदा पाहिली. अमरेशने वाचली, महादेवीने वाचली. अपेक्षाने वाचली आणि दोड्डप्पांकडे पाहिलं. अप्पांनी पाटी मकदूमपुढे धरली. "भंगार हाय. घेऊन जा."

मकदूमने पाटी हातात घेऊन तोलली, जसा तो सगळंच तोलून बघतो. मग उलटी केली. मागची बाजू कोरी होती, चकचकीत.

"पत्रा चांगला आहे, अप्पा," तो म्हणाला. "भंगारात घालायला माझं मन होत नाही. या बाजूनं काहीतरी रंगवा की."

"काय रंगवू?"

कुणालाच पटकन सुचेना. पांढरे साहेबांनी मशीनला एखादं भारदस्त इंग्रजी नाव सुचवून पाहिलं, ते कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी अमरेशनेच आतून काळ्या रंगाचा डबा आणि कुंचला आणला, पाटी बाकावर आडवी ठेवली आणि जीभ बाहेर काढून, अक्षर तिरकं होऊ न देता लिहिलं, 'कारखाना चालू आहे.'

सगळे मागे सरून बघत उभे राहिले. अक्षर छान आलं होतं. अमरेशला पहिल्यांदाच कुणी काही बोललं नाही, म्हणजे ते सगळ्यांना पटलं होतं.

"थांब," अक्का म्हणाल्या. त्यांनी काळ्या रंगात बोट बुडवलं आणि पाटीच्या उजव्या कोपऱ्यात टेकवलं.